सीट कव्हरची उलटी बाजू

गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी कव्हरवरून हात फिरवतं. मऊ आहे का, चकाकतं का, गाडीच्या रंगाला जाईल का, एवढंच बघतं. मी कव्हर उलटं करून त्याच्या हातात देतो. ते किती वर्षं टिकणार हे मागचं कापड, शिलाईची ओळ आणि दोऱ्याची जाडी बघून कळतं. ही सवय वडिलांची. ते कुर्ल्यात टॅक्सीच्या गाद्या भरायचे आणि मी त्यांच्या मशीनशेजारी बसून शिकलो.

या धंद्याला कुर्ला सोयीचं होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथेच होता. फियाट ११०० इथेच बनायची. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी असं ठरून गेलं. टॅक्सी दिवसपाळीला एकाच्या हातात, रातपाळीला दुसऱ्याच्या. गादीला उसंत अशी नव्हतीच.

त्या गादीच्या पोटात काय असायचं ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. लोखंडी सांगाड्यावर स्प्रिंगा, त्यांच्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्या टोचू नये म्हणून कापसाचा थर आणि सगळ्यात वर रेक्झिन. दाभणानं सुतळी ओढून हे सगळं आवळून बांधायचं. एखादी स्प्रिंग तुटली की गोणपाट फाडून वर यायची आणि रेक्झिनला आतून भोक पाडायची. कव्हर वरून फाटतं असं लोक समजतात. त्या काळी निम्मी कव्हरं आतून फाटत. म्हणूनच गादी भरणारा आणि कव्हर शिवणारा माणूस एकच असे. आत काय आहे हे ज्याला ठाऊक, तोच वरचं मापात बेतायचा. नंतर या दोन कामांची फारकत झाली, आणि माझ्या मते धंद्याचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

रेक्झिन मूळचं इंग्लंडमधलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातली त्याच नावाची कंपनी सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, वर चामड्यासारखी नक्षी उठवून ते बनवत असे. पुढे लेप पीव्हीसीचा झाला, आपल्याकडे नाव मात्र रेक्झिनच राहिलं. महाराष्ट्रात भोर इंडस्ट्रीज हे पीव्हीसीचं लेदरक्लॉथ बनवायची. तिच्या एका खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये दिला. कारखान्यातच वापरायच्या कच्च्या पीव्हीसी फिल्मवर अबकारी कर लागतो का, असा प्रश्न होता. ही फिल्म बाजारात विकता येण्याजोगा माल असल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून कर लागत नाही, असं कोर्टानं ठरवलं. मुद्दा कराचा होता, पण मला तो आमच्या धंद्यातलाही वाटतो. नुसती फिल्म म्हणजे काहीच नाही. तिला मागून कापड धरून ठेवतं, तेव्हाच ती सीटवर चढते.

पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यात तेलासारखं रसायन मिसळतात. उन्हात तापून तापून ते हळूहळू निघून जातं, आणि केसांचं तेल त्याला आणखी ओढून घेतं. त्यामुळे जिथे डोकं टेकतं तिथलं रेक्झिन आधी कडक होतं, मग तडकतं. दुसरी जागा ड्रायव्हरच्या उजवीकडची कड. चढता-उतरता दर वेळी तिच्यावरूनच घसरावं लागतं. वडील त्या कडेला गोट जाड घालायचे आणि आतून कापडाची पट्टी जोडायचे. टाका लांब ठेवायचे, इंचाला सहा ते आठ. दाट टाका घातला तर पोस्टाच्या तिकिटांसारखी भोकांची रांग पडते आणि रेक्झिन नेमकं तिथेच फाटतं. हे अजूनही पुष्कळांना पटत नाही. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती असंच त्यांना वाटतं. सुती दोरा घामानं आणि पावसाळ्यातल्या ओलीनं कुजायचा. नायलॉन मजबूत, पण उन्हात जीव सोडतो. पॉलिएस्टर आल्यावर उसवण्याच्या तक्रारी एकदम उतरल्या.

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतल्या रेक्झिनवर बसवत नसे. म्हणून सरकारी अँबॅसेडरच्या गाद्यांवर पांढरे टर्किश टॉवेल अंथरलेले असत, आणि घरगुती गाड्यांतून सोलापुरी टॉवेलही दिसत. घाम शोषतो, काढून धुता येतो, विरला तर बदलता येतो. मला विचाराल तर याच्याइतकं सच्चं कव्हर दुसरं नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गणित बदललं. पद्मिनीची गादी सलग आणि बरीचशी सपाट. तिला मागे विणीचं घट्ट कापड असलेलं रेक्झिन चालून जाई. मारुतीच्या पुढच्या सीट सुट्या, फोमच्या, गोलाईच्या. तसं कापड वळणावर ताणलं जाईना, सुरकुत्या पडू लागल्या. मग होजिअरीचं, ताणलं जाणारं अस्तर आलं. मॉडेलवार तयार सेट आले. कापणारा एक, शिवणारा दुसरा, बसवणारा तिसरा. माल नुसत्या वरच्या रूपावर विकला जाऊ लागला. स्वस्त पीयू लेदरचं तर बघवत नाही. मुंबईच्या दमट हवेत त्याचा लेप पापुद्रे धरून सुटतो, आणि आतल्या हलक्या फोमची भुकटी होऊन सीटखाली सांडते.

२०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ उपक्रमातल्या तरुण चित्रकारांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या सीट आणि छतं चित्रांच्या कापडानं मढवली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या.

आता धंद्यात एक नवी गोष्ट आली आहे, आणि तिच्याबद्दल मी प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलतो. १९९४ मध्ये व्होल्वोनं ८५० या गाडीत सीटच्या कुशीतून फुगणारी एअरबॅग आणली. आज ती आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत असते. धडक बसताच पापणी लवायच्या आत ती दाराच्या बाजूनं बाहेर यायला हवी. वर घट्ट कव्हर असेल तर ती अडते. टाका कधी सुटू नये म्हणून आम्ही पिढीजात शिवत आलो. इथे तो नेमक्या क्षणी तुटायला हवा. त्यासाठी वेगळा, कमजोर दोरा आणि तपासून घेतलेली शिलाई लागते. तशी तपासणी झालेलं कव्हर नसेल, तर मी सीटची ती बाजू उघडी ठेवणारंच कव्हर देतो. गिऱ्हाईक म्हणतं, तेवढाच भाग मळेल. मी म्हणतो, मळू दे, पुसता येतो.