टेक्सासमधील क्राफ्ट बीअर : विक्रीविषयक कायदेसुधारणा

अमेरिकेतील टेक्सास राज्यात लहान बीअर-उत्पादकांना आपली बीअर स्वतःच्या ब्रुअरीत गिऱ्हाइकाला विकता यावी, घरी नेण्यासाठी बांधून देता यावी आणि काही प्रमाणात स्वतःच दुकानांना पोचवता यावी, यासाठी विधिमंडळात व न्यायालयांत झालेले प्रयत्न. २०१३ आणि २०१९ ही त्यांतली निर्णायक वर्षे.

५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतील देशव्यापी दारूबंदी उठली आणि मद्याचे नियमन मुख्यतः राज्यांच्या हाती गेले. (भारतातही मद्य हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणून गोव्याचा नियम सिंधुदुर्गात चालत नाही, तिथेही तसेच.) दारूबंदीपूर्वी मोठे बीअर-कारखानदार गुत्त्यांना भांडवल पुरवत आणि फक्त आपलाच माल विकायला लावत. ते पुन्हा घडू नये म्हणून बहुतेक राज्यांनी उत्पादक, घाऊक वितरक आणि किरकोळ विक्रेता अशी तीन स्तरांची व्यवस्था केली. एका स्तरातल्याने दुसऱ्या स्तराच्या धंद्यात शिरायचे नाही. हेतू रास्त होता. पण नियम बेतले गेले ते अवाढव्य कारखान्यांच्या मापाने. चार टाक्यांवर चालणाऱ्या ब्रुअरीलाही तेच माप लागू झाले आणि मधल्या स्तराचे, म्हणजे वितरकांचे, बळ वाढत गेले.

टेक्सासने १९९३ मध्ये ब्रूपबला, म्हणजे जागेवरच बीअर बनवून विकणाऱ्या खानावळीवजा पबला, परवानगी दिली. ह्यूस्टनची सेंट आर्नल्ड ब्रुअरी १९९४ मध्ये सुरू झाली. तिच्यासारख्या उत्पादक ब्रुअऱ्यांना मात्र दारात आलेल्या माणसाला बीअर विकता येत नसे. त्यावर काढलेली वाट अशी : पाहुण्याने ब्रुअरी बघण्याचे शुल्क भरायचे किंवा नक्षीचा ग्लास विकत घ्यायचा, आणि बीअर ‘फुकट’ प्यायची. बीअर आवडली आणि त्याने घरी न्यायला चार कॅन मागितले, तर फळीवर भरलेले कॅन दिसत असूनही त्याला किराणा दुकानाकडे पाठवावे लागे. त्याच राज्यातल्या वाइनरीत मात्र गिऱ्हाईक बाटली घेऊन बाहेर पडत असे. आपण बनवलेली वस्तू आपल्याच उंबरठ्यावर विकता न येणे याचे समर्थन तीन स्तरांच्या मूळ हेतूने होत नाही.

ऑस्टिनजवळची जेस्टर किंग ब्रुअरी आणि तिचे सहवादी यांनी राज्याच्या मद्यनियमन आयोगाविरुद्ध संघराज्य न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी डिसेंबर २०११ मध्ये लेबलांवरील आणि ‘आमची बीअर कुठे मिळते’ हे सांगण्यावरील निर्बंध भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवले. विक्रीवरील बंधने मात्र टिकली. ती सैल करण्याचे काम विधिमंडळाकडेच राहिले.

२०१३ मध्ये सिनेटर केव्हिन एल्टाइफ यांची चार विधेयके (५१५ ते ५१८) मंजूर झाली. वर्षाला २,२५,००० बॅरलपर्यंत (एक बॅरल सुमारे ११७ लिटर) उत्पादन असलेल्या ब्रुअरीला जागेवर पिण्यासाठी ५,००० बॅरलपर्यंत विक्री करता येऊ लागली. टॅपरूम, म्हणजे ब्रुअरीतलाच पिण्याचा कक्ष, कायदेशीर झाला. १,२५,००० बॅरलपर्यंतच्या उत्पादकांना ४०,००० बॅरलपर्यंत माल स्वतः पोचवण्याची मुभा मिळाली. त्याच अधिवेशनात विधेयक ६३९ आले आणि त्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. एखाद्या प्रदेशातील वितरणाचे हक्क वितरकाला देताना उत्पादकाने त्यांचे पैसे घेणे बेकायदा झाले. वितरकाला मात्र तेच हक्क दुसऱ्या वितरकाला विकता येत. वर्षानुवर्षे स्वतः गाडी हाकून ज्याने गिऱ्हाईक जोडले, त्याला त्या मेहनतीचे मोल शून्य. ऑस्टिनची लाइव्ह ओक, डॅलसची पेटिकोलस आणि ग्रॅनबरीची रिव्हॉल्व्हर या तीन ब्रुअऱ्या डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टात गेल्या. २०१६ मध्ये ट्रॅव्हिस काउंटीच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१७ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने तो फिरवला.

२०१७ चे विधेयक ३२८७ हे मागे जाणारे पाऊल होते. एकत्रित उत्पादन २,२५,००० बॅरलच्या वर असलेल्या समूहाच्या ब्रुअरीने टॅपरूममध्ये विकायची बीअर आधी वितरकाला विकायची आणि चढ्या दराने परत घ्यायची, असे त्यात होते. पिंप इमारतीबाहेर गेले नाही तरी मधल्या स्तराचा वाटा द्यायचाच.

घरी नेण्याच्या बीअरचा प्रश्न सुटला तो २०१९ मध्ये. टेक्सासमध्ये अनेक सरकारी संस्थांचे ठरावीक वर्षांनी फेरपरीक्षण होते आणि मुदतवाढीचा कायदा झाला नाही तर ती ती संस्था बरखास्त होते. त्या वर्षी पाळी मद्यनियमन आयोगाची होती, म्हणजे विधेयक १५४५ मंजूर होणे भागच होते. आदल्या वर्षी टेक्सास क्राफ्ट ब्रुअर्स गिल्ड या लहान ब्रुअऱ्यांच्या संघटनेने क्राफ्टपॅक हा राजकीय निधी उभारला होता. वर्षाच्या सुरुवातीला वितरकांच्या दोन संघटनांपैकी बीअर अलायन्सशी गिल्डची तडजोड झाली, आणि ‘बीअर-टू-गो’ची तरतूद याच विधेयकाला जोडली गेली. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांच्या सहीनंतर १ सप्टेंबर २०१९ पासून ती अमलात आली. उत्पादक ब्रुअऱ्यांना घरी नेण्यासाठी बीअर विकू न देणारे टेक्सास हे तोवर देशातले शेवटचे राज्य उरले होते. मर्यादा माणशी दिवसाला २८८ औंस, म्हणजे १२ औंसांचे २४ कॅन. बीअर आणि ‘एल’ (टेक्सासच्या कायद्यात अधिक तीव्र बीअरचे नाव) यांचे निराळे परवाने एकत्र करण्याची तरतूदही याच कायद्यात होती.

पुढच्या मार्चमध्ये करोनामुळे टॅपरूम बंद झाले, तेव्हा दारातून कॅन विकण्याच्या या हक्काने अनेक लहान ब्रुअऱ्यांची मिळकत काही अंशी चालू राहिली. वितरणहक्कांचा मोबदला नाकारणाऱ्या कलमाला मात्र २०१९ च्या सुधारणेने हात लावला नाही.