सुरिमोनो : कवितेसाठी काढलेली चित्रे

जपानी चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे होकुसाईची ती प्रचंड लाट उभी राहते. १८३१च्या सुमाराचे ते चित्र बाजारात विकण्यासाठी छापलेले होते. पण याच होकुसाईने त्याच्या कितीतरी आधी शेकडो चित्रे अशी काढली, जी दुकानात कधी आलीच नाहीत. त्यांना म्हणतात 'सुरिमोनो', म्हणजे नुसते 'छापलेली वस्तू'.

त्यांचे गिऱ्हाईक होते कवी. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, 'क्योका' ही ३१ अक्षरांची विनोदी कविता करणाऱ्यांची मंडळे होती. सामुराई आणि व्यापारी तिथे एकत्र बसत. नवे वर्ष आले की मंडळी पैसे जमवीत, चित्रकार गाठीत आणि आपल्या कविता चित्रासह छापून स्नेह्यांना वाटीत. पदरमोड करून कविता छापण्याची हौस आपल्याकडच्या कवींनाही काही परकी नाही. फरक एवढाच, की आपण कागदात काटकसर करतो. त्यांनी कशातच केली नाही.

कागद जाड आणि मऊ, 'होशो' नावाचा. प्रत्येक रंगाला लाकडाचा वेगळा ठसा. सोनेरी झळाळीसाठी बहुधा पितळेची पूड, चंदेरीसाठी कथलासारखा धातू. आणि सगळ्यांत अद्भुत ती 'काराझुरी', म्हणजे रिकामी छपाई. ठशाला रंग लावायचाच नाही. ओलसर कागद त्याच्या कोरीव खाचांत दाबायचा. बगळ्याची पिसे, वस्त्राची वीण, साचलेले बर्फ नुसत्या उठावातून दिसू लागते. समोरून पाहावे तर कोरा कागद; उजेडात तिरपा धरला की पीस न् पीस मोजून घ्या! छायाचित्रात यातले फारसे उतरत नाही.

पुढे या चित्रांवर, म्हणजे खरे तर कवींवर, एक आपत्ती आली. मोठे सुरिमोनो मधोमध आडवे दुमडलेले असे. वरच्या अर्ध्यात चित्र, खालच्या अर्ध्यात मजकूर किंवा कविता. नंतरच्या संग्राहकांना हवे होते चित्र. त्यामुळे कित्येक कागदांचा खालचा भाग सरळ कापून टाकला गेला. ज्यांनी पैसे मोजले, त्यांचेच शब्द गेले.

लहान चौकोनी सुरिमोनोंवर मात्र कविता चित्रातच असल्यामुळे बचावल्या. तरीही पाश्चात्त्य जाणकारांनी त्या बराच काळ वाचल्याच नाहीत. झ्युरिकमधल्या एका संग्रहावर २००८ साली निघालेल्या ग्रंथात अशा कवितांचे अनुवाद चित्रांच्या शेजारी छापलेले आहेत.