मधुमेही आणि त्याचें पाऊल

दरवर्षीं आषाढी एकादशीच्या आधीं शेगांवहून श्रीगजानन महाराजांची पालखी निघते आणि परभणी, गंगाखेड या मार्गानें पंढरीस जाते. गंगाखेड हें तर संत जनाबाईचें गांव. दिंडीबरोबर कित्येक वारकरी अनवाणी चालतात. जिल्ह्याच्या काळ्या रानांत शेतकामहि पुष्कळदां अनवाणीच होतें. पायांत कांटा मोडला तर कोणीहि थांबतो. पण मधुमेहानें ज्याचें पाऊल बधिर झालें आहे, तो थांबत नाहीं. कांटा तसाच घेऊन पुढची मजल गांठतो. अशा पावलाची राखण वैद्यानें करावयाची कीं रोग्यानें, हा प्रश्न या रोगाच्या इतिहासांत फार जुना आहे.

सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मापासूनचा, दुसरा अपथ्यानें जडणारा. पहिला रोगी कृश, दुसरा बहुधा स्थूल. उपचारहि मोठा विलक्षण आहे. निर्धन रोग्यानें जोडा व छत्री न घेतां, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें किंवा अधिक चालावें; धनवानानें सांवा, देवभात, आंवळा, कवठ यांवर राहावें; इतरांनीं जमीन कसावी किंवा विहीर खणावी. यांत औषध देणाऱ्यापेक्षां पथ्य पाळणाऱ्याकडेच अधिक काम आहे.

पुढें शोध युरोपांत झाले. मूत्रांतील गोडी साखरेचीच असते, हें १७७६ सालीं इंग्लंडांत मॅथ्यू डॉब्सन यांनीं दाखविलें. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, हें १८८९ सालीं जर्मन वैद्य मेरिंग व मिन्कोवस्की यांस आढळलें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांस इन्सुलिन सांपडलें आणि १९२२ च्या जानेवारींत तें चौदा वर्षांच्या एका मुलास प्रथम टोंचण्यांत आलें. १९३६ सालीं लंडनच्या हिम्सवर्थ यांनीं मधुमेहाचे दोन प्रकार प्रयोगानें वेगळे दाखविले. एकांत शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देतें. दुसऱ्यांत इन्सुलिन असूनहि शरीर त्यास पुरेशी दाद देत नाहीं. आज प्रौढांत सर्वत्र दिसतो तो हा दुसरा प्रकार.

रोग्यास शिकविणें हेंच उपचाराचें अंग मानणारा मोठा वैद्य म्हणजे अमेरिकेंतील बोस्टनचे इलियट जोस्लिन. वैद्य व रोगी या दोघांनींहि वापरावें असें पुस्तक त्यांनीं १९१८ सालीं प्रसिद्ध केलें. इन्सुलिन येण्यापूर्वींचें तें वर्ष होय. पुढें इन्सुलिन आलें, रोगी अधिक जगूं लागले आणि पाय सडण्याची व्याधि वाढली. १९३४ सालीं जोस्लिन यांनीं बजावून सांगितलें कीं हें संकट आकाशांतून पडत नाहीं; तें जमिनीवर, निष्काळजीपणांतून उपजतें.

सुश्रुतांच्या उपदेशांतील श्रम व मिताहार आजहि मान्य आहेत. जोडा टाकून चालण्याची आज्ञा मात्र मधुमेह्यानें आतां पाळूं नये. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली कीं मज्जातंतु झिजतात, रक्तपुरवठा मंदावतो आणि जखम लौकर भरत नाहीं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तापलेल्या फरशीनें तळवा भाजला तरी कळत नाहीं. म्हणून रोज रात्रीं दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडांत पाहाव्या. दिसत नसल्यास आरसा घ्यावा किंवा नातवास सांगावें. पाय धुऊन कोरडे करावे. जोडा झटकून मग घालावा. भोंवरीस पातें लावूं नये. फोड किंवा जखम दिसल्यास त्याच दिवशीं वैद्य गांठावा.

पायाचें रक्षण साखरेच्या नियमनावरहि अवलंबून आहे. इंग्लंडांत १९७७ सालीं सुरू झालेल्या पाहणींत नव्यानें रोग जडलेले ५,१०२ रोगी घेण्यांत आले. साखर अधिक कसोशीनें आटोक्यांत ठेवलेल्यांत डोळे, मूत्रपिंडें इत्यादींच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारें २५ टक्क्यांनीं कमी झाले, असें १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. पण औषध रोज घ्यावयाचें, तें घरीं. परभणीकडे जोंधळ्याची भाकरी पथ्याची मानतात, आणि मैद्यापेक्षां ती बरी खरी. तथापि तिच्यांतहि पिष्ट आहे, म्हणून भाकऱ्या मोजूनच खाव्या आणि तिच्या भरंवशावर औषध सोडूं नये.

अनवाणी वारीचा नेम असलेल्या घरांत वडील माणसास जोडा घालावयास सांगणें सोपें नसतें. रागें भरून तें साधतहि नाहीं. यंदा पाऊल दुखावलें तर पुढील वर्षींची वारी चुकेल, एवढेंच त्यांस शांतपणें सांगावें. आणि मुक्कामावर रात्रीं बरोबरच्या माणसानें दिवा जवळ घेऊन त्यांचे तळवे पाहावे.