रकाना अकरावा

बडोद्यात रसायनाशी काहीच संबंध नसलेले मराठी घर शोधूनच काढावे लागेल. सयाजीराव महाराजांचे १८९० चे कलाभवन, १९०७ साली सुरू झालेले अलेंबिक, मग कोयलीची रिफायनरी, खतांचा कारखाना, नंदेसरीची वसाहत असा हा धागा आज आपल्या नातवंडांच्या प्रयोगशाळांपर्यंत येऊन पोहोचला आहे. तिथे हल्ली ‘ग्रीन सॉल्व्हंट’ हा शब्द सारखा कानावर पडतो. जुने द्रावक वाईट, नवे हिरवे, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. या शब्दामागचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

द्रावक म्हणजे दुसरा पदार्थ विरघळवून घेणारे द्रव. रंगातले थिनर किंवा नखांचा रंग काढायचे अ‍ॅसिटोन आपण घरातही पाहतो. औषध तयार करताना लागणाऱ्या मालात मोठा वाटा द्रावकांचाच असतो, म्हणून ते बदलले की बरेच काही बदलते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कपड्यांची ड्रायक्लीनिंग पेट्रोलसारख्या तेलांनी होई आणि दुकाने पेट घेत. तेव्हा कार्बन टेट्राक्लोराइड आले. ते जळत नाही, उलट आग विझवायच्या नळकांड्यांतही तेच भरत. म्हणून ते ‘सुरक्षित’ ठरले. त्याने यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होतात हे ध्यानात येईपर्यंत ते घरोघरी गेले होते. त्याच्या जागी ट्रायक्लोरोएथिलीन आले. त्याने कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. दरम्यान सीएफसी-११३ आले होते. ते जळत नव्हते, त्याचा विषारीपणा फार कमी होता आणि इलेक्ट्रॉनिक्सचे नाजूक सुटे भाग धुवायला ते अगदी योग्य होते. त्याचा दोष माणसाच्या शरीरात नव्हता, तो वर आकाशात निघाला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी ओझोनच्या थराबद्दल इशारा दिला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे छिद्र जाहीर झाले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. तो करार यशस्वी झाला, याबद्दल दुमत नसावे. पण सीएफसी गेल्यावर रिकाम्या झालेल्या टाक्यांत काय ओतायचे, हा प्रश्न कारखान्यांपुढे उरलाच.

दक्षिण कोरियातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात त्या जागी २-ब्रोमोप्रोपेन हा मुख्य घटक असलेले द्रावक आले. ओझोनच्या हिशेबात ते बरे होते. तिथे छोटे स्विच जोडून द्रावकात धूत, आणि हे काम करणाऱ्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. १९९५ मध्ये लक्षात आले की त्यांच्यापैकी अनेकींची मासिक पाळी थांबली आहे. तपासलेल्या २५ स्त्रियांपैकी १६ जणींच्या बीजग्रंथींनी काम थांबवले होते. ८ पुरुषांपैकी दोघांच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते, तर आणखी चौघांचे शुक्रजंतू कमी किंवा मंद झाले होते. काहींचे रक्तही घटले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. हे रसायन नवे नव्हते. शंभराहून अधिक वर्षे ते रसायनशास्त्राच्या पुस्तकांत होते. मात्र ते श्वासावाटे आत गेल्यावर प्रजननावर काय परिणाम होतो, हे कोणी तपासलेच नव्हते. जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून हा परिणाम पक्का केला, तो या मुली आजारी पडल्यानंतर. म्हणजे पहिली चाचणी या मुलींवरच झाली.

त्याचे सख्खे भावंड १-ब्रोमोप्रोपेन. तेही ओझोनला जपणारे म्हणून खपवले गेले. अमेरिकेत सोफ्याचा फोम चिकटवणाऱ्या कामगारांचे पाय बधिर झाले, काहींना चालणे अवघड झाले. प्राण्यांवरील दोन वर्षांच्या कर्करोग-चाचणीचा अहवाल २०११ मध्ये आला आणि तो प्रतिकूल होता. अमेरिकेच्या घातक वायुप्रदूषकांच्या यादीत त्याचे नाव चढायला २०२२ उजाडले. तोवर पाव शतक उलटले होते.

‘हरित रसायनशास्त्र’ हे नाव प्रचारात आले ते अनास्तास आणि वॉर्नर यांच्या १९९८ च्या पुस्तकाने. त्यांच्या बारा तत्त्वांत सुरक्षित द्रावकांचेही एक तत्त्व आहे, आणि त्या दोघांना दोष देण्याचे कारण नाही. पण पुढे आयनिक द्रवांचा गाजावाजा झाला तो मुख्यतः ते हवेत उडत नाहीत एवढ्यावर. हवेत न उडणारे पाण्यात आणि मातीत जाऊ शकते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या एका कचराभूमीच्या मातीत असाच एक आयनिक पदार्थ सापडला. यकृताच्या पेशींना त्याने इजा होते असे प्रयोगशाळेत दिसल्यावर, यकृताच्या एका दुर्धर विकाराशी त्याचा संबंध असावा अशी शंका संशोधकांनी २०१८ मध्ये मांडली.

आता वनस्पतीजन्य द्रावकांचे दिवस आहेत. मक्याची कणसे किंवा उसाची चिपाडे यांपासून मिळणाऱ्या फरफुरालपासून २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान बनवतात. चांगला पदार्थ आहे, पाण्यापासून सहज वेगळा होतो. पण तो झटकन पेट घेतो आणि ठेवून ठेवला तर त्यात स्फोटक पेरॉक्साइड साठतात. उसापासून आला म्हणून तो काही काकवी होत नाही. गुजरातेत एरंड पिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण रायसिनसारखे जहर एरंडाच्या बीतच असते.

भोपाळनंतर, १९८९ च्या नियमांनी आपल्याकडेही घातक रसायनांसोबत सुरक्षा-पत्रक देणे बंधनकारक झाले. आज जगभर चालणाऱ्या पत्रकात सोळा रकाने असतात. विषबाधेची माहिती असते अकराव्यात. नव्या द्रावकाचे पत्रक हाती आले तर जाहिरातीआधी तो रकाना वाचावा. तीव्र विषबाधा आणि त्वचेची जळजळ यांपुढे बहुधा आकडे दिसतील. कर्करोग, गर्भावर परिणाम, दीर्घकाळ श्वासावाटे परिणाम यांपुढे मात्र पुष्कळदा तीनच शब्द असतात : ‘माहिती उपलब्ध नाही’. घाईत वाचणारा त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेतो.

ही जागा रिकामी राहण्यामागे कायद्याची रचनाही आहे. युरोपात २००७ पासून लागू असलेल्या ‘रीच’ कायद्यात चाचण्या मालाच्या प्रमाणावर ठरतात. वर्षाला १ टनापासून प्राथमिक चाचण्या, १० टनांपासून प्रजननाची पहिली चाळणी, आणि कर्करोगाची चाचणी मागण्याची वेळ येते ती १,००० टनांनंतर, तीही प्रत्येक वेळी नव्हे. नवे द्रावक सुरुवातीला खपते ते थोडे, आणि तेही प्रामुख्याने प्रयोगशाळांत. त्यामुळे त्याच्याबद्दल सर्वांत कमी माहिती असते नेमक्या त्याच वर्षांत, जेव्हा ते एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या हातात असते.