वळिवाच्या मागावर

वैशाख लागला कीं चाकूरच्या माळावर दुपारीं झाडाचें पान हालत नाहीं. बालाघाटच्या पठारावरील काळी जमीन तापून भेगाळते. चार-पाचच्या सुमारास क्षितिजाशीं एखादा ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वर चढूं लागतो, आणि गांवांतील चार मित्र मोटारसायकली काढून, तो कोणीकडे झुकतो तें पाहत त्याच्या मागें निघतात. कोणास पहिल्या सरीनें उठणारा मातीचा वास हवा असतो, कोणास गारा वेंचावयाच्या असतात, कोणास केवळ तो देखावा पुरतो. ही हौस पोरकट वाटेल. परंतु तिच्या पाठीशीं पावणेतीनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत माणसांचे प्राणही गेले आहेत.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आकाशांतील वीज म्हणजे नेमकें काय, हें कोणीं सिद्ध केलें नव्हतें. मे १७५२ मध्यें फ्रान्समधील मार्ली गांवीं, बेंजामिन फ्रँकलिन याच्या सूचनेवरून उभारलेल्या लोखंडी गजांतून मेघांतील विजेच्या ठिणग्या काढण्यांत आल्या. पुढील महिन्यांत फ्रँकलिननें स्वतःच्या मुलास बरोबर घेऊन पतंगाचा प्रयोग केला, असें सांगतात. ही वार्ता युरोपभर पसरली. सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक रिचमन यानें आपल्या घरीं तसाच गज बसविला. ऑगस्ट १७५३ मध्यें विद्वानांच्या सभेंत बसला असतां त्याच्या कानीं मेघांचा गडगडाट आला. एका चित्रखोदकास बरोबर घेऊन तो लगबगीनें घरीं गेला. उपकरणाशीं वांकून पाहत असतांच विजेचा लोळ त्याच्या कपाळावर आदळला व तो जागच्या जागीं गतप्राण झाला. सोबती मूर्च्छित पडला, पण वांचला.

दुसऱ्या संशोधकानें आपल्या देशांत काम केलें. हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्यांत १९०६ सालीं आलेल्या जॉर्ज सिम्प्सन यानें सिमल्यास राहून पावसाच्या थेंबांवरील विद्युद्भार मोजला. हा गृहस्थ ढगाच्या मागें धांवला नाहीं. ढग आपल्याकडे येईल तोंवर धीरानें वाट पाहत राहिला. मोठे थेंब वाऱ्याच्या झोतानें फुटतात व त्यांतून वीज उपजते, असा सिद्धान्त त्यानें १९०९ सालीं मांडला. पुढें इंग्लंडांत फुगे ढगांत सोडून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें मोजमाप केलें. तेव्हां, १९३७ सालीं, त्यांना आढळलें कीं ढगाचा माथा धन व मधला भाग ऋण असतो, आणि हें वांटप जेथें होतें तेथें पाणी गोठलेलें असतें. आज शास्त्रज्ञ मानतात कीं हलके हिमस्फटिक आणि गारांचे मऊ कण एकमेकांवर आपटून वीज निर्माण होते. स्वतःच्या सिद्धान्ताची मर्यादा स्वतःच उघड करणें, हें धैर्यही लहान नव्हे.

मोटारींतून वादळाचा पाठलाग करण्याची रीत अमेरिकेंत वाढली. उत्तर डाकोटांतील डेव्हिड होडली हा १९५६ पासून केवळ आवडीनें मेघांच्या मागें फिरूं लागला. सोंडेसारखी जमिनीस टेंकणारी जी वावटळ, तिला तेथें टॉर्नेडो म्हणतात. २४ मे १९७३ रोजीं ओक्लाहोमांतील युनियन सिटीजवळ पाठलाग करणाऱ्यांनीं अशा एका वावटळीचें जन्मापासून अंतापर्यंत चित्रण केलें, आणि त्याच वेळीं दूरच्या रडारवर तिची खूण उमटत होती. दोन्ही ताडून पाहिल्यावर, वावटळ येण्यापूर्वीं ती रडारवर कशी ओळखावी, हें कळूं लागलें. हौशीचें लोकोपयोगी फळ तें हें. परंतु ३१ मे २०१३ रोजीं त्याच प्रांतांतील एल रेनो येथें, वावटळीच्या वाटेंत उपकरणें ठेवण्यांत निष्णात असलेला टिम सॅमारस, त्याचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग, तिघेही सुमारें चार किलोमीटर रुंदीच्या वावटळीनें गिळले. अनुभवानें भय कमी होतें. धोका कमी होत नाहीं.

आपल्याकडेही मेघांचा माग काढणें चालूं आहे. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या विमानांनीं २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूरच्या आकाशांत ढगांत शिरून मोजमापें घेतलीं. वीज कोठें पडली हें टिपणारीं केंद्रेंही तिनें उभारलीं असून, तीवरून तयार झालेलें ‘दामिनी’ हें साधन मोबाइलवर विजेची पूर्वसूचना देतें.

मात्र मराठवाड्यांत वादळाचा खरा प्रश्न निराळा आहे. ज्यास ढगाच्या मागें जावयाचें नसतें, त्याच्यावरच ढग चालून येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें लातूर, नांदेड, बीड या भागांत गारपिटीनें उभा गहूं व हरभरा आडवा केला. तो शेतकरी कोणत्याही ढगाचा पाठलाग करीत नव्हता. वीज पडते तीही बहुधा गुरें सोडावयास धांवणाऱ्या सालगड्यावर, कडब्याची गंजी झांकणाऱ्या बाईवर, आणि पावसांत झाडाखालीं उभ्या राहिलेल्या पोरांवर.

म्हणून माळावर जाणाऱ्या मित्रांनीं एक गणित ध्यानीं ठेवावें. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांस ती सुमारें एक किलोमीटर दूर असते. आंकडा तिसाच्या आंत आला कीं पक्क्या घरांत वा बंद मोटारींत जावें, व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. झाडाचा आसरा घेऊं नये. उघड्या पत्र्याच्या शेडवरही भरंवसा ठेवूं नये. आणि परततांना वाटेंतील आखाड्यावर कोणी काम करीत असेल, तर थांबून त्यासही हांक मारावी. ज्यास ढग आधीं दिसला, त्यावर तेवढें ऋण आहेच.