4 बाय 6 चं बाथरूम मोठं कसं वाटेल? कोकणातल्या घरांसाठी कमी खर्चाचे उपाय

अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन. रायगडच्या या किनारपट्टीवरच्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या दाराला असायची. अंघोळीचं पाणी पाटाने वाडीतल्या माडा-पोफळींना जायचं. जागा लहान असली तरी अडचण होत नसे, कारण दगड, बादली आणि बंब यापलीकडे तिथे काही नसायचंच.

आता तेवढ्याच जागेत कमोड, बेसिन, गिझर आणि कधीकधी वॉशिंग मशीनही बसवलं जातं. पर्यटकांसाठी खोल्या काढताना तर कोपऱ्यात 4 बाय 6 फुटांचं बाथरूम कसंबसं बसवतात. म्हणजे 24 चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार संडास आणि बाथरूम एकत्र असेल तर किमान 2.8 चौरस मीटर, म्हणजे साधारण 30 चौरस फूट जागा हवी. त्यामुळे अशा ठिकाणी कोंदट वाटणं हा निव्वळ भास नसतो.

भिंत न पाडता काय करता येईल?

सुरुवात दारापासून करावी. 2 फुटी दार आत उघडत असेल तर ते फिरायलाच साधारण 3 चौरस फूट जागा लागते. 24 पैकी 3! तेच दार बाहेर उघडणारं केलं तर खर्च होतो तो बिजागऱ्या आणि सुताराच्या काही तासांचा. याचा आणखी एक फायदा आहे. घरातलं म्हातारं माणूस आत पाय घसरून पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. बाहेर उघडणारं दार सहज उघडता येतं. फक्त आतली कडी गरज पडल्यास बाहेरून काढता येईल अशी असावी.

मग बेसिन. ते आतच हवं असा नियम नाही. जुन्या घरांत हात धुणं पडवीतच व्हायचं. बेसिन दाराबाहेर बोळात घेतलं तर आत एक माणूस आरामात वळू शकतो आणि सकाळची रांगही कमी होते. आतच ठेवायचं असेल तर कोपऱ्यात बसणारं लहान बेसिन घ्यावं, खाली कपाट किंवा खांब नसलेलं. जमीन जितकी जास्त दिसते, तितकी खोली मोठी वाटते.

चिऱ्याच्या घरांना एक सोय आयती मिळते. जांभ्याची भिंत जाड असते, त्यामुळे साबण-शाम्पूसाठी तिच्यात कोनाडा काढता येतो आणि पुढे आलेले रॅक जातात. मात्र जांभा पाणी पितो. कोनाड्याला आतून वॉटरप्रूफिंग केलं नाही तर पलीकडच्या खोलीत ओल येते आणि भिंतीला लोणा लागतो.

टाइल्स कुठपर्यंत?

दुकानात खाली गडद, वर फिकट आणि मध्ये नक्षीचा हायलायटर असा सेट हमखास दाखवला जातो. लहान बाथरूमसाठी तो सगळ्यात वाईट पर्याय आहे. आडव्या पट्ट्यांनी भिंतीचे तुकडे पडतात आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. एकच फिकट रंग, जमीनही त्याच्या जवळच्या रंगाची, सांधेही त्याच रंगाचे, एवढं पुरतं. जमिनीला मात्र चकचकीत टाइल नको, खरखरीतच हवी.

सगळीकडे 7 फुटांपर्यंत टाइल लावायचीही गरज नसते. 4 बाय 6 च्या बाथरूमला दार वगळून अंदाजे 122 चौरस फूट टाइल लागते. अंघोळीच्या बाजूला पूर्ण उंची आणि उरलेल्या भिंतींना 3 फूट केलं तर 92 चौरस फुटांत काम होतं, म्हणजे पाव भाग वाचतो. वरच्या भागाला धुता येणारा पांढरा रंग द्यावा.

जुन्या टाइल्स नाण्याने ठोकून पाहाव्यात. आवाज पोकळ येत नसेल आणि गळती नसेल, तर त्यावरच अॅडहेसिव्हने नव्या बसवता येतात. तोडफोड आणि डेब्रिज दोन्हींचा खर्च टळतो. जमीन थोडी वर येते, म्हणून दार खालून तासावं लागतं. पण गळती असेल तर तोडण्याला पर्याय नाही.

उजेड

कौलारू छपराला एक-दोन काचेची कौलं बसवली की दिवसा दिवा लावावा लागत नाही. पत्रा असेल तर त्यातला एक तुकडा दुधी, उजेड येऊ देणारा घ्यावा. आरसा खिडकीसमोर आणि शक्य तितका रुंद असावा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत आरशाच्या कडा काळ्या पडतात, त्या सिलिकॉनने बंद कराव्यात.

काचेचं पार्टिशन फोटोत छान दिसतं. पण समुद्राजवळ अनेक बोअरवेलचं पाणी खारट असतं आणि आठवड्याभरात काचेवर पांढरे डाग धरतात. फिकट पडदा स्वस्त पडतो आणि धुताही येतो.

पैसे कुठे वाचवू नयेत?

स्टीलच्या हुक-रॉडमध्ये 304 ग्रेड मागावी. स्वस्त 202 ग्रेड खाऱ्या हवेत लवकर गंजते. नळांना पीटीएमटी प्लास्टिकचा पर्याय दिसायला साधा असला तरी गंजत नाही. गिझर डोक्यावर टांगण्याऐवजी दारावर आडवा बसवता येतो. त्याला अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

जमिनीला फुटामागे पाव इंच उतार असावा. वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल बसवण्याआधी, जाळी बंद करून 24 तास पाणी साठवून ठेवावं आणि खालची व बाजूची भिंत तपासावी. गवंडी घाई करतात. तरी ही चाचणी सोडू नये.

काम कधी काढायचं?

मुंबईची माणसं गणपतीला घरी येणार म्हणून बरेच जण जुलै-ऑगस्टमध्ये काम उरकायला बघतात. जिल्ह्यात वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच काळात. प्लास्टर नीट सुकत नाही, रंगाला फुगे येतात. पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास काम काढलं तर भिंतींना सुकायला वेळ मिळतो आणि डिसेंबरच्या पर्यटकांआधी बाथरूम तयार होतं.