श्वानवियोग आणि नव्या श्वानाचा स्वीकार : माहुली ते मुंबई

प्रस्तावना :
खंडोबा हे शिंदखेडा परिसरातील व एकूणच खान्देशातील अनेक घराण्यांचे कुलदैवत होय. खंडोबासोबत कुत्रा असतो. त्यास वाहिलेले वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे मानतात. श्रद्धेत असे स्थान असूनही घरचा कुत्रा मेल्यावर सुतक नसते, दहावे-तेरावेही नसते. ज्या दुःखास विधीच नाही, ते माणसे कसे वागवितात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माहुलीची समाधी :
सातारकर छत्रपती शाहू महाराज (कारकीर्द १७०८-१७४९) यांचा वाघाच्या शिकारीत त्यांच्या कुत्र्याने जीव वाचविला होता. महाराजांनी त्यास जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला. एकदा तर त्यास जरीवस्त्रे, दागिने व स्वतःची पगडी घातली. हा वृत्तांत ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिला आहे. मात्र त्याने ही कृत्ये मनोविकृतीच्या लहरींत जमा केली. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील संगम माहुली येथे 'खंड्या' या श्वानाची समाधी आहे. ती शाहूंनीच बांधविली, असे परंपरा सांगते. सनदेचा मान जिवंत कुत्र्यास मिळतो; समाधीची गरज मागे राहिलेल्या माणसास असते. म्हणूनच केवळ 'लहर' हे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

रायगडावरील वाघ्याच्या स्मारकाशी याची तुलना उद्बोधक ठरते. हे स्मारक १९३६ मधील आहे. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याच्या त्या कथेस समकालीन साधनांचा आधार नाही. तेथे शोक कुत्र्याचा आहे. माहुलीस तो माणसाचा आहे. लोकस्मृतीने पहिल्या शोकास गौरविले आणि दुसऱ्यास हसण्यावारी नेले.

टिटोचे नाव :
९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्योगपती रतन टाटा यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रात 'टिटो' या जर्मन शेफर्ड कुत्र्याच्या आजीवन देखभालीची तरतूद असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. याच नावाचा त्यांचा आधीचा कुत्रा मरण पावल्यानंतर हा टिटो घरी आला होता. त्याच वर्षी मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालयही सुरू झाले होते.

निष्कर्ष :
नवा कुत्रा आणणे म्हणजे जुन्याशी प्रतारणा, अशी भावना अनेक घरांत आढळते. दुसऱ्या टिटोचे उदाहरण तिला छेद देते. येथे गेलेल्याचे नाव नव्या जिवास हाक मारताना रोज उच्चारले जात होते. माहुलीत स्मृती दगडात राहिली, मुंबईत ती नावात राहिली. विधी नसला म्हणून शोक खोटा ठरत नाही आणि दुसऱ्यास जीव लावल्याने पहिल्याची माया उणी होत नाही. राजांच्या मोहिमांइतकीच अशा मायेचीही नोंद इतिहासलेखनात गांभीर्याने होणे आवश्यक आहे.